मागच्या अंगणातला भोंगा

५ मे १९६३, अकोला. सकाळचं काम अक्षतांचं. मोठ्या परातीत तांदूळ घेऊन त्यांना कुंकू चोळत मी ओसरीवर बसले होते. धाकट्या बहिणीचं लग्न संध्याकाळी गोरज मुहूर्तावर होतं आणि वऱ्हाड अमरावतीहून दुपारपर्यंत यायचं होतं. घर जठारपेठेतलं, भाड्याचं. पुढे रस्त्याकडे मांडव, मधे दोन खोल्या, मागे एक खोली, तिच्यामागे लहानसं अंगण आणि अंगणात कडुनिंब. मागच्या खोलीत बाबा निजून होते.

संक्रांतीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. त्याआधी ते एका वकिलाकडे कारकून होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, खाटेवरून हलवायचं नाही. म्हणजे मुलीचं लग्न दोन भिंतींपलीकडे लागणार आणि बापाला ते दिसणार नाही. कन्यादान काका-काकू करणार होते. आम्हाला भाऊ नाही. मी थोरली, लग्न होऊन अमरावतीला, तिथे प्राथमिक शाळेत शिकवत होते. सुट्टी लागल्याबरोबर माहेरी आले आणि मांडव, आचारी, पाणी, बर्फ, सगळं माझ्याकडे आलं.

गाण्याबजावण्याचा विषय निघाला तेव्हा आमचे हे म्हणाले, "बाहेरचा माणूस कशाला? आपला फोनो आहे की."

फोनो म्हणजे चावीचा ग्रामोफोन, सासऱ्यांनी घेतलेला. एका मुंजीत ह्यांनी तो वाजवला होता. चावी उतरत आली की गाणाऱ्या बाईचा हळूहळू बाप्या व्हायचा, आणि हे धावत जाऊन चावी देईपर्यंत पंगत हातातला घास हातात धरून हसत बसायची.

मी विचारलं, "तुमचा फोनो मागच्या खोलीत ऐकू जाईल?"

"दारं उघडी ठेवली तर जाईल."

"आणि मंगलाष्टकं? ती भटजी फोनोत तोंड घालून म्हणणार?"

हे रुसले. पण बाबांनी आतून ऐकलं होतं. मी त्यांच्याजवळ गेले तेव्हा त्यांनी डाव्या हाताने खिडकीकडे दाखवलं आणि बऱ्याच खटपटीने दोन शब्द जुळवले. "भोंगा. मागे."

त्यांना मंगलाष्टकं ऐकायची होती. तेव्हा भोंगेवाला ठरवायचाच, आणि साधासुधा नाही, दोन भोंगे असलेला. एक मांडवावर, एक मागच्या कडुनिंबावर, खिडकीकडे तोंड करून.

हे लग्न इतकं का महत्त्वाचं होतं ते इथेच सांगून टाकते. आदल्या वर्षी बहिणीचं तेल्हाऱ्याच्या एका घरी ठरलं होतं. हळद लागली, पाहुणे जमले, आणि नागपूरहून एक माणूस निरोप घेऊन आला की बाबांचे चुलतभाऊ वारले. आमच्यात सूतक ऐकल्यावर लागतं. कानावर आलं नाही तोवर लागत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि म्हणून जाणती माणसं असा निरोप आणणाऱ्याला फाटकातच गाठतात, गूळपाणी देतात आणि लग्न लागेपर्यंत कुठेतरी नेऊन बसवतात. बाबांनी त्याला फाटकात गाठलं खरं, पण त्याचं ऐकून घेतलं आणि भरल्या मांडवात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नेम. लग्न थांबलं. सूतक फिटल्यावर तेल्हाऱ्याहून कळवलं गेलं की मुलीचा पायगुण बरा नाही, आमचा विचार बदलला. बहिणीने अंगाची हळद स्वतःच ऊन पाण्याने घासून काढली आणि दुसऱ्या दिवशी शिवणाच्या वर्गाला गेली. ती तेव्हा सव्विसाव्या वर्षात होती. नंतर वर्षभर कोणी तिला बघायला आलं नाही.

अमरावतीचं हे स्थळ मी आणलं. मुलगा पोस्टात, वयाने बराच मोठा, डोक्यावर केस कमी, स्वभाव गरीब. त्याची आई मात्र सरळ. बैठकीतच म्हणाली, "मागचं आम्हाला कळलंय. एकदा झालं ते झालं. पुन्हा असलं काही निघालं तर मांडवातून मुलाला उठवून नेईन. मग रडायचं नाही."

बाबांनी ते ऐकलं होतं. झटका आल्यानंतर एकदा मी त्यांना पेज भरवत होते तेव्हा ते तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाले, "तो निरोप... पोटात... ठेवायला हवा होता." एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला ते मलाच माहीत. मी म्हटलं, "आता गिळा."

तर भोंगेवाला. बैलाच्या रेंगीतून सामान घेऊन सकाळीच हजर झाला. दोन भोंगे, लाकडी खोक्यात मशीन, तबकड्यांच्या तीन पेट्या आणि मोटारीची एक बॅटरी. त्याच्या मशीनवर तबकड्या फिरवायच्या थाळ्या दोन होत्या. एकीवरचं गाणं संपत आलं की दुसरीवरची सुई आधीच टेकवून तयार. माणूस तिरसट. आल्या आल्या चहा मागितला, मग दुसरा मागितला, मग मांडवाची कमान उजवीकडे सरकवा म्हणाला, तारेवरून कोणाचा पाय जाता कामा नये.

आमचे हे कुतूहलाने जवळ गेले.

"जवाईबापू, मशीनले हात लावाचा नाई."

"मी फक्त बघतोय. माझ्याकडेही फोनो आहे."

"मंग तो पाहा ना घरी जाऊन."

"आणि ही बॅटरी कशाला? इथे लाइट आहे."

"लाइट हाय म्हणूनच. लाइट असते तेच जाते. धारणीले वाजवून आलो मांगच्या महिन्यात, तिथं लाइट नाई म्हणून जायची भानगड नाई."

कडुनिंबावर तो स्वतः चढला. बाबांच्या खिडकीकडे भोंगा वळवला, खाली उतरून मांडवात गेला आणि सनईची तबकडी लावली. मी आत बाबांजवळ उभी होते. आवाज खिडकीतून असा आला की कोनाड्यातलं फुलपात्र थरथरलं. बाबांनी डाव्या हाताची दोन बोटं पांघरुणावर हलवली. मी बाहेर येऊन सांगितलं, "ऐकू येतंय." तो म्हणाला, "येणारच."

वऱ्हाड आलं. पाय धुवायला पाणी, सरबत, कैरीचं पन्हं, जेवणं. बाबांजवळ आत्या बसली होती. बाबांची ही थोरली बहीण, लहानपणीच एका खेड्यात दिलेली आणि लवकर विधवा झालेली. मांडवात आपण जायचं नाही हे तिने न सांगता धरलं होतं, त्यामुळे बाबांचं सगळं तिच्याकडे सोपवून आम्ही मोकळ्या होतो. आई पुढे. हिरवा चुडा, जरीचं लुगडं, हातात हळदीकुंकवाचा करंडा. येणाऱ्या प्रत्येक बाईला कुंकू लावणं हे तिचं काम.

दुपार उतरली तेव्हा मी मोसंब्याचा रस घेऊन मागे गेले. आत्या वारा घालत होती. बाबा गेलेले होते. तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती पंखा हलवत होती आणि डुलकीही घेत होती. मी छातीवर हात ठेवून पाहिलं, नाकाशी हात धरला, पापणी उचलली. हाताचं अक्षतांचं कुंकू अजून निघालं नव्हतं. त्यांच्या सदऱ्यावर माझ्या बोटांचे लाल डाग पडले.

"आत्या, पंखा ठेव."

तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिने तोंड उघडायच्या आत मी पदराचा बोळा तिच्या तोंडावर धरला.

"आत्या, आता नाही. लग्न लागू दे."

तिने माझा हात झिडकारला. पण बोलली हळूच. "माहा भाऊ गेला वं! मले रडू दे."

"रड. पण थोडं थांबून."

"रडणं काय पाणी हाय, मटक्यात भरून ठेवू?"

"त्या पोरीचं मागच्या वर्षी काय झालं ते तू पाहिलंस. विहीणबाई मुलाला उठवून नेतील. मग ती जन्मभर तुझ्यासारखी कोपऱ्यात बसेल."

हे लागणारं बोलणं होतं आणि लागावं म्हणूनच बोलले. आत्याने पंखा खाली ठेवला, पण तिचं अंग हलत होतं. मला दिसलं की हे फार वेळ दाबून ठेवता येणार नाही. गावाकडच्या बायका मेलेल्याचे गुण सांगत, सूर धरून रडतात. तो सूर एकदा निघाला की शेजारच्या चार घरांत पोचतो. आत कोंडून भागणार नव्हतं. त्यावर दुसरा आवाज हवा होता, आणि तो कडुनिंबावर टांगलेला होताच.

कोणाला सांगायचं? काकांना सांगितलं तर त्यांनाच सूतक, मग कन्यादान कोण करणार? आईला सांगितलं तर तिच्या हातातला करंडा काढून घेऊन बायका तिला मांडवातून उठवतील. ह्यांच्या पोटात काही राहत नाही. मी खोलीला बाहेरून कडी घातली आणि सरळ भोंगेवाल्याकडे गेले. माझे वडील गेले हे मी घराबाहेरच्या ज्या पहिल्या माणसाला सांगितलं तो हा.

त्याने हातातली बिडी विझवली. "बाई, घरात मयत आणि मी गाणे वाजवू? मले याच गावात धंदा कराचा हाय. उद्या लोक म्हणतीन, मढ्यावर वाजवलं."

"लग्न लागेपर्यंत फक्त. मधे आवाज तुटता कामा नये. मागच्या खोलीत माझी आत्या आहे, तिला रडायचं आहे."

"तुमची आई?"

"तिला माहीत नाही."

त्याने मांडवात पाहिलं. आई दोन बायकांना कुंकू लावून हसून काहीतरी बोलत होती. तो बराच वेळ तबकड्यांच्या पेटीत बोटं फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुमी मले काई सांगतलं नाई. मी काई आयकलं नाई. पण सिनेमाचं एकही गाणं लावनार नाई. सनई लावतो. सनईत रडणं लपते."

आणि त्याने सनई लावली. एक तबकडी संपायच्या आत दुसरी, दुसरी संपायच्या आत पहिलीची दुसरी बाजू. ह्यांचा फोनो असता तर दर तबकडीमागे शांतता पडली असती, आणि त्या शांततेत आत्या.

मी खोलीत परत गेले. "आता रड. भोंगा चालू आहे तोवर रड. थांबला की थांब."

"भोंग्याच्या हिशेबानं रडू?"

"हो."

ती रडली. भाऊ लहानपणी तिच्या कडेवर कसा बसायचा, तिच्या लग्नात तिच्या पदराला धरून सासरपर्यंत कसा आला, हे सगळं सूर लावून सांगत रडली. खिडकीबाहेर सनई. मी बाबांचे हातपाय सरळ केले, हनुवटीला फडकं बांधलं, ते दिसू नये म्हणून शाल गळ्यापर्यंत ओढली, आणि कुशीवर झोपल्यासारखं अंग भिंतीकडे वळवून ठेवलं. उशीर केला असता तर वळलं नसतं.

मधे एकदा बाहेर गेले तर नवरदेवाचे मित्र भोंगेवाल्याभोवती जमलेले.

"काय हो, आल्यापासून पिपाणी! एखादं गाणं लावा की."

"गाणे नाईत."

"ह्या पेटीत काय आहे मग?"

"सनया."

"तीन पेट्या सनया? मयताला आलोय की लग्नाला?"

भोंगेवाल्याने त्या मुलाकडे न बघता सुई बदलली. "नवरीच्या बापानं सांगतलं हाय, सनईच वाजवाची. त्याइले जाऊन विचारा, मांगच्या खोलीत हायत."

मुलं खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटत पांगली. आजारी सासऱ्याला जाऊन विचारायची हिंमत कोणाला होणार?

नंतर आई मागे आली. मी दार अर्धवट उघडून उंबऱ्यातच उभी राहिले. आत्या आत तोंडात पदर कोंबून बसलेली.

"रस घेतला का त्यांनी?"

"घेतला. झोपलेत."

"झोपू दे. मंगलाष्टकांना मात्र उठव. त्यांनी दहादा सांगितलंय मला." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तू चेहरा पूस. घाम आलाय." आणि गेली.

मुहूर्त आला. सनई थांबवावी लागणार होती, पण भटजींसमोर माइक होता. मी आत्याला सांगितलं, श्लोक चालू असेल तेव्हा रडायचं, 'सावधान' झालं की थांबायचं. भोंगेवाल्याने तिकडे वेगळीच व्यवस्था लावली. भटजींचा श्लोक संपतो न संपतो तोच माइक कोणातरी मावशीपुढे, तिचं संपलं की कोणा मामीपुढे, मग पुन्हा भटजींपुढे. बायका लाजत होत्या तर तो दटावत होता, "म्हना, म्हना, थांबू नोका." ते सगळं मला भोंग्यातून ऐकू येत होतं. माझ्या बहिणीचं लग्न मी असं ऐकलं, बाबांच्या खाटेवर बसून, एका हाताने आत्याचा खांदा धरून.

आणि लाइट गेली.

तिन्हीसांजेची वेळ, खोलीत एकदम काळोख झाला आणि भोंगा मुका. बॅटरी होती, पण ती जोडली तरी ती जुनी मशीनं तापायला वेळ घ्यायची. आतले काचेचे दिवे लाल झाल्याशिवाय आवाज फुटत नसे. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की बाहेर काही नाही, आणि आत्याचा सूर पूर्ण चढलेला आहे. "माह्या सोन्या, मले टाकून कुठं गेला रे." मी तिच्या तोंडावर हात दाबला. ती माझा हात चावली. तिला थांबवता येत नव्हतं. तिने ठरवून केलं असं मी म्हणत नाही. चटकन थांबायला रडणारा माणूस काही नळ नव्हे.

मग भोंग्यात खरखर झाली आणि भटजींचा आवाज परत आला. 'सावधान' झालं. वाजंत्रीची तबकडी सुरू झाली. माणसं उठल्याची, हसल्याची गडबड. मी वाट बघत होते की आता मांडवातून आरडाओरडा ऐकू येईल. आला नाही. होम झाला, सप्तपदी झाली. सनई पुन्हा लागली.

दारावर थाप पडली. मी उघडलं तर आई, तिच्या मागे बहीण आणि जावई, दोघांच्या शेल्यांची गाठ बांधलेली, आणि विहीणबाई. बापाच्या पाया पडायला आली होती ती. नवरा-नवरी आधी मोठ्यांच्या पाया पडतात, आणि ह्या घरात सगळ्यांत आधी मान त्यांचा. सबंध दुपारभर मी हजार गोष्टींचा विचार केला, ह्याचा केला नव्हता.

बहीण पुढे सरकली.

आई तिच्या दंडाला धरून म्हणाली, "आत नको जाऊस. आत्ताच झोप लागलीये त्यांना. उंबऱ्यावरूनच नमस्कार करा दोघं."

"आई, त्यांना उठवून..."

"ऐकलंय त्यांनी सगळं. भोंगा होता ना. आता नको उठवू."

दोघं उंबऱ्यावर वाकली. विहीणबाई आत डोकावत होत्या. अंधारात शाल आणि पाठ, ह्यापलीकडे दिसण्यासारखं काही नव्हतं. आत्या कोपऱ्यात भिंतीला तोंड करून बसलेली. आईने खोलीत पाऊल टाकलं नाही. माझ्याकडे एकदाच पाहिलं. तेव्हा मला कळलं की तिला ठाऊक आहे. कधीपासून, ते कळलं नाही.

वऱ्हाड जेवून त्याच रात्री मोटारीने अमरावतीला निघणार होतं, ते निघालं. बहीण आईच्या गळ्यात पडून रडली, आई रडली नाही. मोटार वळणाआड गेली तशी सनई बंद झाली. कोणी सांगितलं नव्हतं. आई मांडवातून चालत मागच्या खोलीत गेली, करंडा कोनाड्यात ठेवला आणि खाटेजवळ जमिनीवर बसली.

भोंगेवाला तारा गुंडाळत होता. मी त्याच्याजवळ गेले तेव्हा वर न बघता म्हणाला, "लाइट गेली तवा तुमच्या आईनं आयकलं. मी समोरच होतो. त्याइच्या हातात अक्षता होत्या, हात वर गेलेला, तो तसाच राह्यला. कोणतरी बाई म्हने, मांगं कोण रडून राह्यलं? तर त्या म्हनल्या, नणंदबाई हायत, भाची सासरी चालली म्हणून. आणि अक्षता टाकल्या."

लग्नघरात आत्या रडते ह्यात कोणाला काय नवल वाटणार? दोन भोंगे, बॅटरी आणि पेटीभर सनया लावून मी जे केलं ते आईने एका वाक्यात केलं. तरी भोंगे नसते तर ते वाक्य तिला दुपारभर बोलत राहावं लागलं असतं, हेही खरं.

काकांना सांगितलं. ते माझ्यावर ओरडले, मग बसून रडले. भटजींना बोलावलं तर ते म्हणाले, सकाळी नांदीश्राद्ध झालं होतं, त्यानंतर लग्नाला सुतकाची बाधा शास्त्रात नाही, मला विचारायचं होतंत. हे मला आधी माहीत असतं तरी मी वेगळं वागले नसते. लग्नं शास्त्र मोडत नाही, लोक मोडतात. रात्रीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. मे महिना होता. सरबतासाठी मागवलेला बर्फ उरला होता, तो भुशातून काढून बाबांच्या दोन्ही बाजूंना लावला.

बहिणीला दुसऱ्या दिवशी अमरावतीला निरोप गेला. ती आली, पण माझ्याशी बोलली नाही. पुढे कितीतरी वर्षांनी एकदा म्हणाली, "बाबा गेल्याचं गावच्या भोंगेवाल्याला कळलं, मला नाही. मी मढ्याला नमस्कार करून सासरी गेले, ताई." तिचं म्हणणं चूक नाही. माझंही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तिला संसार मिळाला, दोन मुलं झाली, आणि सासूचं बोलणंही मिळालं. काही बिनसलं की विहीणबाई म्हणायच्या, "हिच्या बापाच्या तिरडीवरच अक्षता टाकून आलोय आम्ही." त्या होत्या तोवर हे बोलणं त्या घरात होतं. पण मांडवातून मात्र त्यांना उठता आलं नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर बाबांना नेलं. पुरुष सगळे गेले, हेही गेले. तिरडी गल्लीच्या टोकाला गेली तशा शेजारच्या बायका आईच्या बांगड्या फोडायला पुढे सरकल्या. त्यांच्यात कुजबुज सुरू झालीच होती. ठाऊक असून मांडवात उभी राहिली. आम्हाला त्या हाताने कुंकू लावलं. एक जण कुंकवाची जागा पदराने खसखसा पुसत होती, रात्रभर धुतली नव्हती जणू. एकीने पाट्याचा वरवंटा आणला.

मी म्हटलं, "वरवंटा ठेवा." आईचे हात सुजलेले होते, चुडा नवा, घट्ट बसलेला. फोडला असता तर काचा मनगटात गेल्या असत्या. मी बादली आणि साबण घेऊन बसले.

आत्या म्हणाली, "फोडाव्या लागते वं पोरी, काढत नाईत."

"जातात एवढं पुरे आहे."

मी आईचा हात मनगटापर्यंत साबणाने माखला, अंगठा तळव्यात दाबून धरला आणि बांगड्या एकेक करून ओढल्या. आई हात देऊन बसली होती. म्हणाली, "डावा आधी करायचास. उजव्याला कुंकू लावून लावून रग लागलीये." मी म्हटलं, "आता झाला तो." मग डावा केला. सगळ्या अखंड निघाल्या. त्या बादलीत टाकल्या आणि बायकांना सांगितलं, आता आंघोळीला पाणी काढा.

मागच्या अंगणात भोंगेवाला शिडी घेऊन आला होता. रात्री अंधारात झाडावर चढायला तो तयार नव्हता. शिडी धरायला पुरुषमाणूस घरात कोणी नव्हतं. मी हात लुगड्याला पुसले, जाऊन शिडी धरली, आणि तो भोंगा सोडवायला वर चढला.